घरात घटस्फोट चालू आहे, आता रोजचं काय करायचं? इंदूरच्या एका आत्याकडून

माझ्या दादाचा घटस्फोट झाला त्याला आता तीन वर्षं होतील आणि तेव्हापासनं इंदूरातल्या आपल्या मराठी घरांतनं मला अधूनमधून फोन येतात, कधी कुणाची आई असते कधी बहीण, एकदा तर सत्तरीचे एक काका होते, त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं की सून नातवाला घेऊन माहेरी गेलीय तर नातवाला फोन केलेला चालतो का. चालतो काका, रोज करा, दोनच मिनिटं करा पण रोज करा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माणूस पंधरा दिवस घाबरून बसलं होतं म्हणून म्हटलं सगळं एकदा लिहूनच टाकावं.

मी वकील नाही. पण दीड वर्ष दादाबरोबर पेश्यांना, म्हणजे कोर्टाच्या तारखांना, गेलेय आणि वहिनीशी बोलणंही एक दिवस तोडलं नाही, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय. आणि माझं म्हणणं एकच आहे, चूक कुणाची हे ठरवायला कोर्ट आहे, तिथे वकील आहेत, घरातल्या बाकीच्यांनी ते काम अंगावर घ्यायचं नाही. आपण बघायचं ते मुलाचा उद्याचा दिवस नीट जातोय ना आणि म्हातारी माणसं दोन वेळा जेवतायत ना.

पहिल्या आठवड्यात

सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारा, मारहाण आहे का. मुलीला किंवा सुनेला बाजूला घेऊन, दार लावून, शांतपणे विचारा. असेल तर पुढचं सगळं नंतर, आधी तिला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी न्या, ११२ लावा, पोलीस ठाण्यात महिलांसाठी ऊर्जा डेस्क असतं तिथे जा किंवा वन स्टॉप सेंटरला, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, जा. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात घर कुणाच्याही नावावर असलं तरी बाईला त्या घरात राहायचा हक्क आहे, सासूच्या नावावर फ्लॅट आहे म्हणून निघ असं कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुणी रस्त्यावर काढू शकत नाही. अशा घरात ‘थोडं सहन कर, मुलं मोठी झाली की होईल ठीक’ हे प्लीज कुणी म्हणू नका. खूप जणी हे ऐकून परत गेल्या आहेत आणि त्यांचे हाल झालेत.

मारहाण नसेल तर मग घाई नको. आमच्याकडे दादानी रात्री जेवताना सांगितलं आणि आईनी अर्ध्या तासात मावशीला फोन लावला, दुसऱ्या दिवशी सकाळी देवास, उज्जैन, ग्वाल्हेर सगळीकडून फोन सुरू, रविवारी बैठक बसवायची म्हणे, दोन मामा आणि एक काका येणार आणि समजूत घालणार. ती बैठक झाली आणि तिथे जे काही बोललं गेलं ना, त्यातलं अर्धं आजपर्यंत कुणी विसरलेलं नाही. बैठका घेऊ नका. दोघांना वाटत असेल की अजून जमू शकेल तर त्यांनी दोघांनीच एखाद्या कौन्सेलरकडे जावं, तसंही कोर्टात गेल्यावर कोर्ट आधी समेटाचा प्रयत्न करतंच, मीडिएशनला, म्हणजे मध्यस्थाकडे, पाठवतंच.

नातेवाईकांसाठी घरात बसून एक वाक्य ठरवा. आमचं असं होतं, ‘दोघांनी विचार करून वेगळं व्हायचं ठरवलंय, मुलगा बरा आहे, काही लागलं तर सांगू.’ बस. आईला ते मी कागदावर लिहून फोनजवळ ठेवलं होतं कारण समोरून कुणी खोदून विचारलं की ती रडायला लागायची आणि मग सगळंच सांगून टाकायची. फॅमिली ग्रुपवर एक अक्षर टाकू नका, कोर्टात मेसेजचे स्क्रीनशॉट लागतात हे एक, आणि दुसरं म्हणजे चुलत भावाच्या बारा वर्षांच्या मुलीकडेही तोच फोन असतो, तिथून आपल्या मुलापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

कोर्टाचं थोडक्यात

आपसातला घटस्फोट, म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम १३बी, याला तीन गोष्टी लागतात, किमान एक वर्ष वेगळं राहणं, एकत्र राहणं शक्य नाही हे दोघांनी मान्य करणं आणि दोघांची राजीखुशी संमती. वेगळं राहणं म्हणजे वेगळं घरच पाहिजे असं नाही, एका छताखाली असूनही नवरा-बायकोसारखं राहत नसाल तर तेही धरतात. पहिला अर्ज झाला की सहा महिने थांबायचं, मग दुसऱ्यांदा दोघांनी येऊन सांगायचं, आणि हे अठरा महिन्यांच्या आत. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानी सांगितलं की हे सहा महिने सक्तीचेच नाहीत, वेगळं राहून पुरेसा काळ झाला असेल, मुलाचं-पैशाचं सगळं ठरलं असेल आणि समेटाची आशा नसेल तर कोर्ट ते माफ करू शकतं. ग्वाल्हेर-पुण्याला नोकरी असलेल्यांना याचा खूप उपयोग होतो, वकिलाला नक्की विचारा.

पण एक लक्षात ठेवा, डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून त्या मधल्या सहा महिन्यांत घरच्यांनी तोंड सांभाळायचं, एखाद्या लग्नात कुणीतरी टोमणा मारतं आणि जुळत आलेलं परत फिसकटतं, मी हे आमच्या ओळखीत बघितलंय.

एकतर्फी केस, म्हणजे क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं वगैरे कारणं दाखवून लढायची, ती वर्षानुवर्षं चालू शकते. कधीकधी पर्याय नसतो हे मान्य. केस कुठे लावायची तर जिथे लग्न झालं, जिथे शेवटचं एकत्र राहिले, जिथे समोरची पार्टी राहते, आणि बायकोला ती सध्या राहते तिथेही लावता येते, म्हणजे लग्न नाशिकला झालेलं असलं तरी माहेरी इंदूरला आलेली मुलगी इथल्या कुटुंब न्यायालयात अर्ज करू शकते. रजिस्टर लग्न, म्हणजे विधी न करता थेट विवाह अधिकाऱ्यासमोर केलेलं, असेल तर १९५४ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट लागू होतो, तिथेही आपसातली सोय आहे. लग्नाला वर्षही झालं नसेल तर साधारण थांबावं लागतं.

इथे सगळं काम हिंदीत चालतं. आपण घरी मराठी बोलतो, बाजारात हिंदी बोलतो, तरी कोर्टाची हिंदी ही तिसरीच भाषा आहे. अर्जावर सही करायच्या आधी एकेक ओळ वाचून घ्या, अर्थ विचारा, लाज वाटू देऊ नका. लग्नाची पत्रिका, फोटो, विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो, दोघांचे आधार, मुलाचा जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा आणि उत्पन्नाचे कागद, एवढं एका फाइलमध्ये लावून ठेवा. खर्चापाण्याचा, म्हणजे मेंटेनन्सचा मुद्दा असेल तर २०२० च्या निकालापासून दोघांनाही आपापल्या कमाईचं, मालमत्तेचं, कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं, तिथे लपवाछपवी करायची नाही, बँक स्टेटमेंट आणि आयटीआरवरून सगळं निघतं. कार्यवाही बंद दाराआड व्हावी असं दोघांपैकी एकानीही मागितलं तर कुटुंब न्यायालयाला ते द्यावंच लागतं, हे कितीतरी लोकांना माहीतच नसतं आणि मग भरल्या खोलीत बोलावं लागेल म्हणून मुली घाबरतात.

वकील करताना फी कशी ते पहिल्याच दिवशी विचारा, पूर्ण केसची की दर पेशीची. पैसे नसतील तर बायकांना आणि मुलांना कमाई कितीही असो सरकारकडून वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा.

आणि वकील काय लिहितोय तेही बघा. आमचे पहिले वकील, नाव घेत नाही, त्यांनी दादाला सांगितलं की वहिनीच्या चारित्र्यावर दोन ओळी टाकू, केस मजबूत होते. दादा तेव्हा इतका चिडलेला होता की हो म्हणून बसला. रात्री तो ड्राफ्ट बाबांनी वाचला. बाबा सहसा काही बोलत नाहीत. ते म्हणाले, ‘हा कागद तुझा मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर वाचेल, चालेल तुला?’ दुसऱ्या दिवशी आम्ही वकील बदलला, दिलेले पैसे गेले ते गेले. एकदा कोर्टाच्या कागदावर खोटं आलं की ते निघत नाही, समोरूनही तसंच उत्तर येतं, आणि मग आपसातला मार्ग बंदच होतो.

दागिने, भांडी आणि देवघर

स्त्रीधन तिचं असतं. माहेरचं, सासरचं, लग्नाआधी, लग्नात, लग्नानंतर तिला म्हणून जे दिलं ते सगळं. १९८५ मध्येच सुप्रीम कोर्टानी हे स्पष्ट केलंय, सासरी ठेवलेलं असलं तरी सासरचे लोक फक्त सांभाळणारे. आम्ही दोन्ही आयांना समोर बसवून यादी केली, पाटल्या, तोडे, मोहनमाळ, चांदीची ताटं, प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाच्या पुढे वजन, खाली चौघांच्या सह्या. दोन तास लागले आणि एकदाही आवाज चढला नाही कारण यादीच समोर होती.

यादीत एक गोष्ट मात्र कुणालाच सुचली नव्हती. वहिनी लग्नात आपली अन्नपूर्णा घेऊन आली होती, आपल्याकडे मुलीला देतात ना पितळेची, ती आमच्या देवघरात आईच्या अन्नपूर्णेशेजारी नऊ वर्षं होती. रोज आईच दोघींना आंघोळ घालायची. वहिनी सामान घेऊन जिन्यापर्यंत गेली आणि आई आतून म्हणाली थांब. देवघरातनं ती मूर्ती काढली, चिंचेनी घासली, खणाच्या तुकड्यावर मूठभर तांदूळ घातले, त्यात ती ठेवून गाठ मारली आणि वहिनीच्या हातात दिली. दोघी काही बोलल्या नाहीत. वहिनीनी वाकून नमस्कार केला.

तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, बाळकृष्ण असेल, आजेसासूचं पातळ असेल, मुलाच्या बारशाची वाटी असेल. यादी करताना त्याबद्दल आधीच विचारा. पैशात त्याची किंमत काही नसते पण मागाहून ‘तेवढंही दिलं नाही’ हे आयुष्यभर राहतं.

मुलाला कसं सांगायचं

हे मला सगळ्यात जास्त विचारतात. दोघांनी एकत्र सांगा, घरातच, सुटीच्या दिवशी, म्हणजे लगेच शाळेत जाऊन बसायला नको. शब्द आधी ठरवा. आमच्याकडे भाचा तेव्हा पाच वर्षांचा होता, रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन झाल्यावर दोघांनी त्याला मध्ये बसवून सांगितलं की आई आणि बाबा आता वेगळ्या घरात राहणार, आई तुझीच आहे, बाबा तुझेच आहेत, तुझ्यामुळे हे झालं नाही, शाळा तीच राहणार. तो ऐकत होता आणि मग त्यानी विचारलं, ‘माझी सायकल कुठे राहणार?’

दादाला वाटलं त्याला काही कळलंच नाही आणि तो परत समजवायला लागला. वहिनीला कळलं. ती म्हणाली, आईचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, तर सायकल आजीकडे अंगणात राहील, शनिवारी तू आलास की चालवायची, आणि हवा भरायचं काम बाबांचं. त्याचं तोंड लगेच हलकं झालं. मुलं जे विचारतात त्याचंच उत्तर द्या, तेवढंच द्या. त्यांना सायकल, अंथरूण, टिफिन कोण करणार, कुत्रा कुणाकडे हेच विचारायचं असतं, आणि त्याचं पक्कं उत्तर मिळालं की बाकीचं ते हळूहळू पचवतात.

‘तुला कुणाकडे राहायचंय’ हे घरातल्या कुणीही विचारू नका, आजीनी लाडात तर अजिबातच नाही. मूल समजण्याच्या वयाचं असेल तर त्याचं म्हणणं कोर्ट स्वतः लक्षात घेतं, तेवढं पुरे आहे. कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारण आईकडे असं आहे, पण शेवटी कोर्ट मुलाचं हित कशात आहे तेच बघतं, आई की बाबा हे त्यानंतर. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याच्या भेटी, सुट्या, फोनची वेळ हे सगळं करारात तारखांसकट लिहा. ‘परस्पर सोयीनुसार’ असं लिहिलेलं वाचायला चांगलं वाटतं आणि पहिल्या दिवाळीतच भांडण होतं.

मुलाच्या हाती निरोप पाठवायचे नाहीत, फीचे पैसे बाबांनी दिले का विचार, आईकडे कोण येऊन गेलं सांग, असलं काही नाही. निरोप असेल तर दोघांनी मेसेज करावा, छोटा, फक्त मुलाबद्दलचा. आमच्याकडे एक कालनिर्णय आजीकडे आणि एक वहिनीकडे, दोन्हीवर सारख्या खुणा, आईचे दिवस हिरव्या पेननी, बाबांचे निळ्यानी, भाचा स्वतः दिवस खोडतो. सण आधीच वाटून टाका. गणपतीची स्थापना आमच्याकडे, दिवाळी एका वर्षी इथे एका वर्षी तिथे, रंगपंचमीची गेर, म्हणजे इथली रंगांची मिरवणूक, बघायला बाबांबरोबर, वाढदिवस शाळेनंतर आईकडे आणि संध्याकाळी आमच्याकडे. मूल घरी आलं की ‘तिकडे काय केलं’ याची चौकशी करायची नाही, त्याला सांगायचं असलं की ते आपणहून सांगतं, बहुतेक वेळा भात कालवता कालवता.

शाळेत क्लास टीचरला भेटून सांगा, शांतपणे, दोघांचे नंबर द्या, घ्यायला कोण येऊ शकतं ते लेखी द्या. रात्री अंथरूण ओलं होणं, शाळेच्या वेळेला पोट दुखणं, एकदम हट्टी किंवा एकदम गप्प होणं, असं काही आठवडे चाललं तर रागावू नका आणि नजर उतरवून थांबूही नका, मुलांच्या कौन्सेलरला दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मोठ्यांनीही लावावा.

म्हाताऱ्यांचं

आईनी त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं नाही, भिशीला जाणं सोडलं, खजराण्याच्या गणपतीला दर बुधवारी जायची तेही बंद. तिला वाटायचं लोक विचारतील. बाबा काही बोलायचे नाहीत, फक्त संध्याकाळी पाचला भाच्याची शाळेची रिक्षा यायची त्या वेळेला गॅलरीत जाऊन उभे राहायचे, रिक्षा येत नव्हती तरी. आजी-आजोबांचंही काहीतरी जातं हो यात, आणि त्यांना कुणी विचारत नाही, सगळे नवरा-बायकोच्या मागे. त्यांना काम द्या. बाबांकडे आम्ही शनिवारी भाच्याला आणायचं काम दिलं, स्कूटरवर पार बंगाली चौराह्यापर्यंत जायचे. त्यामुळे वहिनीशीही दोन शब्द व्हायला लागले, चहा व्हायला लागला.

सुनेशी नातं ठेवायचं की नाही हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे. मी ठेवलं. सुरवातीला दादाला आवडलं नाही, मी त्याला सांगितलं की तुझी एकही गोष्ट तिला सांगणार नाही आणि तिची एकही तुला, आणि ते मी पाळलं. ठेवणार असाल तर हे पाळावंच लागतं.

पैसे आणि कागद

जॉइंट खातं, लॉकर, एलआयसी, पीएफ, म्युच्युअल फंड, सगळीकडे नॉमिनी बघा, लोक विसरतात आणि दहा वर्षांनी गोंधळ होतो. घराचं कर्ज दोघांच्या नावावर असेल तर तुमच्या करारानी बँक बांधली जात नाही, बँकेत जाऊन नाव कमी केलं नाही तोपर्यंत हप्त्याला दोघंही जबाबदार. मेडिक्लेमच्या फॅमिली पॉलिसीतून नाव निघण्याआधी तिची किंवा त्याची वेगळी पॉलिसी सुरू करा, मध्ये खंड नको. मुलाचा खर्च बायकोच्या रकमेत मिसळू नका, वेगळा लिहा, शाळेची फी, ट्यूशन, दवाखाना, दरवर्षी किती वाढणार तेसुद्धा. मुलाच्या पासपोर्टला साधारण दोघांची संमती लागते, तेही करारातच टाकून घ्या. आणि आपल्या एमपीत समग्र आयडी असतो, म्हणजे राज्य सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक, त्यात मूल कुठल्या परिवारात आहे ते बदलून घ्या नाहीतर शाळेच्या कामात अडतं.

डिक्री मिळाली की तीन-चार सर्टिफाइड कॉप्या एकदमच काढा, दर ठिकाणी एक मागतात. परत लग्न करायचं असेल तर अपिलाची मुदत संपलीय का ते वकिलाला विचारल्याशिवाय तारीख काढू नका.

मागच्या वैशाखात भाच्याची मुंज केली. सगळ्यांना वाटत होतं आता बसणार कोण, मावशी म्हणाली काका-काकूंना बसवा. आम्ही आधी दादा-वहिनीलाच विचारलं, मग गुरुजींना, ते म्हणाले आई-वडील आहेत ना दोघं, मग प्रश्न काय. पत्रिकेत दोघांची नावं छापली, तिचं माहेरच्या आडनावासकट. मातृभोजनाला वहिनीनी त्याला भरवलं, भिक्षावळीत दादा त्याच्या मागे झोळी धरून उभा होता, आणि संध्याकाळी आजोबांनी ठरल्याप्रमाणे त्याला हिरव्या पेनच्या घरी सोडलं.